नवी इलेक्ट्रिक कार घेताय? ब्रेक, घाट, चार्जिंग आणि भरवसा यांची पायरीपायरीने ओळख

अडीच वर्षांपूर्वी आमची इलेक्ट्रिक कार आली, तेव्हा शोरूममध्ये तासभर स्क्रीन समजावून सांगितली. गाणी कशी लावायची, सीट थंड कशी करायची, सगळं. ब्रेकबद्दल मात्र कोणी एक वाक्य बोललं नाही. आणि नव्याने चालवणाऱ्याला सगळ्यात आधी ब्रेकच शिकावा लागतो.

आम्ही राहतो पुण्यात, गाव चिपळूणजवळ. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट ही आमची नेहमीची वाट. गणपती, शिमगा, मे महिना धरून आतापर्यंत चाळीस हजार किलोमीटर झाले. गाडी मध्यम आकाराची, बॅटरी चाळीसएक युनिटची. खाली लिहिलंय ते याच अनुभवातून. पेट्रोल-डिझेलवरून पहिल्यांदाच इकडे येणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून क्रमाने मांडते.

१. गाडी येण्याआधी: पार्किंगमधला पॉइंट

गाडी बुक केली त्याच दिवशी सोसायटीत अर्ज द्या. गाडी दारात आल्यावर अर्ज केला तर पहिला महिना बाहेरच्या चार्जरवर जातो, आणि तिथला युनिटचा दर घरच्या दुपटीच्या आसपास असतो.

हे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा:

- सोसायटीच्या सचिवांच्या नावे अर्ज, त्याची पोच घेतलेली प्रत
- पार्किंग तुमच्या नावावर असल्याचं पत्र
- सोसायटीचं ना हरकत पत्र
- अलीकडचं वीजबिल आणि आधारची प्रत
- गाडीची बुकिंग पावती, नंतर आरसीची प्रत
- मीटररूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार याचा साधा कच्चा नकाशा

यातला शेवटचा कागद कोणी मागत नाही, पण समितीच्या बैठकीत तोच कामी आला. केबल कुणाच्या गाडीवरून जाणार नाही, पाण्याच्या टाकीजवळून जाणार नाही, हे डोळ्यांनी दिसलं की निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

घरच्या मीटरवरून लाइन ओढायची की वेगळं कनेक्शन घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून गाडी चार्ज करण्यासाठी वेगळं कनेक्शन मागण्याची सोय केली आहे. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी दीडशे ते पावणेदोनशे युनिट खाते. घरच्या मीटरला जोडली की हे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात आणि बिल ३०० युनिटच्या, कधी ५००च्या पुढच्या महागड्या टप्प्यात जातं. आधी मागची बारा बिलं काढा, हिशेब करा, मग ठरवा.

वायरिंगमध्ये पैसे वाचवू नका. गाडीसोबत मिळणारा चार्जर पंधरा अँपियरच्या प्लगवर चालतो आणि सलग दहा-बारा तास तेवढाच करंट ओढतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, हा रात्रभर सुरू असतो. त्यासाठी तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतो. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवणार असाल तर किमान ६ चौरस मिलिमीटर, आणि अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही. एका रात्रीपुरताही नाही.

सगळ्यात जास्त घोळ अर्थिंगचा होतो. चार्जरवर लाल दिवा लागतो आणि लोक गाडीला दोष देतात. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर ठीक. आमच्या गावच्या घरी तो अठरा निघाला. अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, त्यानंतर लाल दिवा परत लागलेला नाही.

२. पहिला आठवडा: पाय उचलायला शिका

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती नुसती पुढे घरंगळत नाही. चाकं मोटरला फिरवू लागतात, मोटरचं जनरेटर होतं, तयार झालेली वीज बॅटरीत जाते आणि गाडी हळू होते. यालाच रिजेन म्हणतात. काही गाड्यांत त्याच्या तीन-चार पातळ्या असतात, काहींत स्टीअरिंगमागच्या पॅडलने ते कमी-जास्त होतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे जरूर बघावं. २०२०च्या जानेवारीत आलेल्या टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत रिजेनची पातळी बदलता येत नव्हती. २०२२च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये शून्य ते तीन अशा चार पातळ्या आल्या. ह्युंदाईच्या ‘कोना’ या गाडीत मात्र २०१९ पासूनच पॅडल होते. एकाच नावाच्या दोन गाड्या पायाखाली अगदी निराळ्या लागू शकतात, म्हणून घेणार ती गाडी स्वतः चालवून बघा.

सुरुवात सगळ्यात कमी पातळीवर करा. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर अर्धा तास पुरतो. चाळीसच्या वेगाला पाय एकदम न काढता, पाणी ओतताना घागर जशी हळूहळू तिरपी करतो तसा उचलायचा. गाडी कुठे थांबते ते रस्त्यावरच्या एखाद्या झाडावरून ताडायचं. हाताला अंदाज आला की एक पातळी वाढवायची.

पहिल्याच महिन्यात मी सगळ्यात जास्त पातळी लावून गावाला निघाले. कोयनानगर यायच्या आत मागे बसलेल्या आईला मळमळायला लागलं. पेट्रोलच्या गाडीत याच वाटेवर तिला कधी त्रास झाला नव्हता. माझा पाय ॲक्सिलरेटरवर सतत वरखाली होत होता आणि प्रत्येक वेळी गाडी मागच्यांना पुढे ढकलून परत मागे ओढत होती. आता मागे माणसं असली की मी मधल्या पातळीवर चालवते आणि पाय पूर्ण कधीच काढत नाही.

दोन सवयी मुद्दाम लावून घ्या. एक, पाय उचलून गाडी हळू होत असली तरी तो ब्रेकच्या पेडलवर तरंगता ठेवायचा. रिजेन गाडी हळू करतं, पण समोर अचानक कुत्रं किंवा मूल आलं तर थांबवतो तो ब्रेकच. एका पेडलवर चालवायची सवय मुरली की घाईच्या क्षणी पाय फक्त वर उचलला जातो, खाली दाबला जात नाही. दोन, घरात दुसरी गाडी पेट्रोलची असेल तर तिच्यात बसल्यावर पहिल्या दोन चौकांत मुद्दाम लवकर ब्रेक लावा. तिथे पाय उचलून काहीच होत नाही.

मागच्या दिव्यांचीही खात्री करून घ्या. रिजेन जोरात लागलं की बऱ्याच गाड्यांत ब्रेकचे दिवे आपोआप लागतात, हलक्या पातळीला लागत नाहीत. अंधार पडल्यावर रिकाम्या रस्त्याच्या कडेला कोणाला तरी उभं करा, एकेक पातळीवर पाय उचलत त्याच्या पुढून जा आणि दिवा कधी लागतो ते विचारा. ज्या पातळीला लागत नाही, त्या पातळीवर हायवेला मागे ट्रक असताना पेडलला हलकासा स्पर्श करायचा.

३. रिजेन नेमकं कधी नसतं

नवख्यांना याची कल्पना नसते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

बॅटरी भरलेली असताना: शंभर टक्के चार्ज झालेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते. मग पाय उचलला तरी गाडी सुसाट पुढे जाते. रोज सकाळी सोसायटीच्या उतारावर तुम्हाला जी पकड जाणवते, ती पूर्ण चार्ज केलेल्या दिवशी नसेल. गाडी बिघडलेली नसते, पण पायाला ते ठाऊक नसतं.

खड्ड्यावर किंवा निसरड्यावर: चाक क्षणभर उचललं गेलं किंवा घसरलं की गाडीची यंत्रणा रिजेन सोडून देते. त्या अर्ध्या सेकंदात गाडी एकदम पुढे झेपावल्यासारखी वाटते. स्पीडब्रेकरआधी फक्त पाय उचलून येणाऱ्यांना हे हटकून जाणवतं. खड्ड्याच्या आधीच ब्रेकच्या पेडलवर या, म्हणजे धक्का बसत नाही.

पहिल्या पावसात: रिजेन फक्त मोटर असलेल्या चाकांवर लागतं, चारही चाकांवर नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर तेल-मातीचा थर असतो, तेव्हा जोराचं रिजेन लावून वळणावर पाय काढला तर तीच दोन चाकं घसरतात. पावसात एक पातळी खाली या आणि ब्रेक पेडलने लावा. तो चारही चाकांवर पडतो.

कडाक्याच्या थंडीतही बॅटरी रिजेन घेत नाही. आपल्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही, पण कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या आपल्या लोकांनी पहिल्या हिवाळ्यात लक्षात ठेवावं.

गाडी बंद करून सुरू केली की काही गाड्यांत रिजेनची पातळी मूळ पदावर येते. म्हणून निघताना सीटबेल्टसोबत तीही बघायची.

४. घाट

आधी थोडं गणित. दीड टनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरली की साधारण दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत ती इंजिन आणि ब्रेक यांच्यात उष्णता होऊन उडून जाते. इथे त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पहिल्यांदा घाट उतरताना टक्केवारी वाढताना बघितली तेव्हा मुलांनी गाडी डोक्यावर घेतली होती.

उतरताना नियम एकच: माथ्यावर बॅटरी भरलेली नको. समजा पाचगणीला मुक्काम केला, हॉटेलवर रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी शंभर टक्क्यांवर पसरणी घाटाने वाईला निघालात. ऐन घाटात रिजेन मिळणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल. पेट्रोलच्या गाडीत दुसऱ्या गिअरचा आधार असतो, इथे गिअर नाहीत. ब्रेक तापला, जळका वास आला की जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि डिस्कवर पाणी ओतू नका. मुळात ही वेळच येऊ नये म्हणून डोंगरावरच्या मुक्कामी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबेल अशी मर्यादा लावून ठेवा. गाडीत ती सोय नसेल तर तासांचा हिशेब करून पहाटे प्लग लावा.

चढताना उलटी चिंता. चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन पाचशे मीटर चढायला नेहमीच्या खर्चावर आणखी तीनएक युनिट जातात. चाळीस युनिटच्या बॅटरीत हे सात-आठ टक्के झाले. स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा मागच्या काही किलोमीटरवरून काढलेला असतो. चिपळूणला सपाटीवर तो १८० दाखवेल आणि घाटमाथ्यावर ११०. घाबरू नका, पण त्या आकड्याच्या भरवशावरही राहू नका. टक्के बघा. कोकणातून वर येताना मी पुढच्या चार्जरपर्यंतच्या गरजेवर पंधरा टक्के जास्त ठेवते.

चढावर वाहतूक खोळंबली तर ॲक्सिलरेटरने गाडी रोखून धरू नका, मोटर विनाकारण तापते. ऑटो होल्ड (पाय काढला तरी गाडी जागीच धरून ठेवणारी सोय) असेल तर तो वापरा, नसेल तर साधा ब्रेक.

५. डिस्कवरचा गंज

ब्रेक कमी वापरला जातो म्हणून पॅड खूप टिकतात. चाळीस हजारांना माझे पॅड निम्मेही झिजलेले नाहीत. पण न वापरलेलं लोखंड गंजतं. गावी जुलैत आठ दिवस गाडी उभी होती. समुद्राची हवा, संततधार. निघताना कडाक् आवाज झाला आणि मग दोन किलोमीटर घासल्याचा आवाज येत राहिला. डिस्कवर तांबूस थर होता आणि पार्किंग ब्रेकचे पॅड त्याला चिकटले होते.

आवाज आला तर गाडी हळूच थोडी पुढे, थोडी मागे घ्या, पॅड सुटतात. आठवड्यातून एकदा मागे कोणी नसताना रिजेन शून्यावर आणून साठच्या वेगावरून पाच-सहा वेळा नीट दाबून ब्रेक लावा, थर निघून जातो. धुतल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवू नका, एक फेरी मारून डिस्क कोरडी करा.

सर्व्हिसला सांगताना ‘ब्रेक बघा’ एवढं पुरत नाही. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा, कारण पॅड शाबूत असले तरी पिना आखडतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच. पॅड नवे दिसतात म्हणून तेही चालेल, असं होत नाही. टायर मात्र पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर जातात, कारण बॅटरीचं वजन आणि मोटरचा सुरुवातीचा झटका दोन्ही त्यांच्यावर येतात. हवा दर पंधरा दिवसांनी बघा.

६. बाहेरचं चार्जिंग आणि लांबचा प्रवास

एका चार्जमध्ये गाडी किती धावते याचा पत्रकावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. ४०.५ युनिटच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सचा तो ४३७ किलोमीटर होता, म्हणजे युनिटला पावणेअकरा. माझ्या गाडीचा हायवेवरचा अनुभव ऐंशीच्या वेगाला सात, शंभरला साडेपाच. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून उशीर झालाय म्हणून पळवली तर चार्जरवर जास्त थांबावं लागतं.

निघण्याआधी:

- वाटेतले दोन चार्जर ठरवा, एक मुख्य आणि एक त्याच्या अलीकडचा
- दोघांची ॲप आदल्या रात्री घरी उतरवून त्यांत पैसे भरून ठेवा, घाटात नेटवर्क मिळेलच असं नाही
- त्या ठिकाणी शेवटचं चार्जिंग कधी झालं ते ॲपमध्ये बघा, दोन दिवसांत कोणीच केलं नसेल तर फोन करून विचारा
- पुण्यात आणि आसपास गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे धरून चाला

चार्जरवर पोचल्यावर ऐंशी टक्क्यांना निघा. तिथून पुढे बॅटरी वीज हळूहळूच घेते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या चाळीसएवढा वेळ लागू शकतो. मागे कोणी थांबलेलं असेल तर त्यांना ‘अजून किती वेळ’ हे आपणहून सांगा. मेच्या दुपारी सलग पळवून आणलेली गाडी मुळातच सावकाश चार्ज होते, कारण तिला आधी बॅटरी थंड करायची असते.

चार्जरची बंदूक (गाडीत खोचायचा मोठा प्लग) निघत नसेल तर ओढाओढ करू नका. आधी ॲपमधून चार्जिंग थांबवा, मग गाडी किल्लीने अनलॉक करा आणि मग बटण दाबून काढा. तरीही अडली तर बहुतेक गाड्यांत हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे हे पुस्तिकेत आजच बघून ठेवा.

टोलबद्दल नेहमी विचारलं जातं. महाराष्ट्राच्या २०२५च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक कारला टोलमाफी ठरली आहे. सातारा रस्त्यावर खेड शिवापूर आणि आनेवाडीला मात्र भरावा लागतो, ते राष्ट्रीय महामार्गाचे नाके आहेत.

७. गाडी सुरूच झाली नाही तर

‘भरवसा आहे का?’ असं विचारणाऱ्यांच्या मनात मोठी बॅटरी आणि मोटर असते. या दोघींनी मला अडीच वर्षांत एकदाही त्रास दिला नाही. मोठ्या बॅटरीला बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. मला अडवलं ते एका लहानशा बारा व्होल्टच्या बॅटरीने.

दरवाजे, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच, हे सगळं त्या साध्या बॅटरीवर चालतं. आम्ही तीन आठवडे बाहेरगावी होतो. परत आलो तर गाडी मेल्यासारखी. मोठी बॅटरी ७४ टक्के भरलेली, पण दारही उघडेना. डॅशकॅमची (काचेवरच्या, रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) वायर मी कायम सुरू राहणाऱ्या लाइनवर जोडून घेतली होती, तिने छोटी बॅटरी शोषून टाकली होती.

अशा वेळी किल्लीच्या आतली धातूची किल्ली काढून दार उघडा. दुसऱ्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून जंपर केबल लावा, प्लसला प्लस आणि मायनस पुस्तिकेत दाखवलेल्या जागी. गाडी जागी झाली की अर्धा-पाऊण तास सुरू ठेवा, मोठी बॅटरी छोटीला भरते. नारिंगी रंगाच्या जाड केबलला कुठेही, कधीही हात लावायचा नाही. तीन वर्षं झाली की ही छोटी बॅटरी तपासून घ्या आणि लांब जाणार असाल तर डॅशकॅम काढून ठेवा.

स्क्रीनवर कासवाचं चिन्ह आलं तर चार्ज फार कमी झालाय किंवा काही तापलंय, म्हणून गाडी ताकद कमी करते. डावीकडे घ्या, इंडिकेटर लावा, एसी बंद करा आणि जवळचा साधा पंधरा अँपियरचा प्लग शोधा. ढाबा, पेट्रोल पंप, वेल्डिंगचं दुकान, कुठेही. माणसं नाही म्हणत नाहीत. तासाभरात तीन युनिट मिळतात, त्यात वीसएक किलोमीटर निघतात. आम्हाला एकदा पाटणजवळ एका पिठाच्या गिरणीवाल्या काकांनी प्लग दिला, वर चहाही पाजला.

लाल इशारा येऊन गाडी थांबलीच, तर रस्त्यावरच्या मदतीला फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेड पाठवा’ असं सांगा, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक. साधी क्रेन आली आणि पुढची चाकं उचलून न्यायला लागली तर आधी पुस्तिका उघडून दाखवा. मोटरची चाकं जमिनीवर फिरत राहिली तर ओढून नेतानाही मोटर वीज तयार करत राहते आणि बिघाड वाढतो. चारही चाकं वर चढवूनच गाडी हलवू द्या, मग त्यासाठी दोन तास थांबावं लागलं तरी थांबा.